मासे येण्याआधीचा महिना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

नव्या टँकमध्ये मासे सोडण्याची घाई करू नका, आधी रिकाम्या टँकमध्ये फिल्टर पिकू द्या, म्हणजे त्यात उपयोगी जिवाणू वाढू द्या, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यावर कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. बहुतेकांना पडतील असे प्रश्न निवडून त्यांची उत्तरं इथे देत आहोत. पत्रांत एक गोष्ट वारंवार दिसली. अमोनिया सगळे मोजतात, केएच, म्हणजे पाण्यातला आम्ल गिळणारा बायकार्बोनेटचा साठा, मात्र जवळपास कुणीच मोजत नाही. आपल्याकडे अडलेल्या टँकची गाठ बहुतेक वेळा तिथेच असते, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिलं आहे.

प्रश्न (राजारामपुरी): दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टँक घेतला आहे. दुकानदार म्हणाले, दोन दिवस पाणी ठेवा आणि चार गप्पी सोडा. तुम्ही म्हणता महिनाभर मासेच नकोत. मग त्या महिन्यात रोज नेमकं करायचं काय?

उत्तर: दोन दिवस पाणी ठेवल्यानं फार तर क्लोरीन उडून जातो. टँक तयार होत नाही. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि सिरॅमिक रिंगांवर वाढणारे एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ माशाला घातक आहेत, तिसरा बऱ्याच प्रमाणात चालतो. दूध नासवणारे जिवाणू अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात, पण या जिवाणूंना दुप्पट व्हायला दिवसभर किंवा त्याहूनही जास्त लागतो. महिना लागतो तो त्यामुळे. चार गप्पी सोडल्या तरी तेवढाच वेळ लागतो, फक्त तो महिना गप्पींना विषात काढावा लागतो.

आधी टँकमध्ये खरोखर किती पाणी आहे ते काढा. एक घनफूट म्हणजे 28.3 लिटर. तुमचा टँक 3 घनफुटांचा, म्हणजे काठोकाठ 85 लिटर. तळाची खडी, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की सुमारे 70 लिटर उरतं. पुढचे सगळे डोस या 70 लिटरवर धरले आहेत. 85 वर धरलेत तर प्रत्येक डोस वीस टक्के जास्त जाईल.

क्लोरीन काढलेलं पाणी भरा आणि फिल्टर चोवीस तास सुरू ठेवा. ताशी 300 ते 400 लिटर फिरवणारा फिल्टर पुरेल. आवाज होतो म्हणून किंवा बिलाच्या भीतीनं रात्री बंद करू नका. 10 वॅटचा फिल्टर महिनाभर अखंड चालला तरी सव्वासात युनिट जळतात, आणि जिवाणूंना प्राणवायू पोचतो तो वाहत्या पाण्यातूनच. हीटर 28 अंशांवर लावा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री चांगलीच थंडी पडते आणि बिनहीटरच्या टँकचं पाणी विशीच्या आसपास उतरतं. तिथे हेच काम दुपटीनं रेंगाळतं. 70 लिटरला 75 किंवा 100 वॅटचा हीटर घ्या.

अमोनियासाठी लॅब ग्रेड अमोनियम क्लोराइड आणा. 30 ग्रॅम पावडर थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा आणि एकूण द्रावण 1 लिटर करा. याचा 1 मिली 10 लिटर पाण्यात टाकला की अमोनिया 1 पीपीएम, म्हणजे लिटरला 1 मिलिग्रॅम होतो. पहिल्या दिवशी सिरिंजनं 14 मिली टाका, म्हणजे 2 पीपीएम. तासाभरानं टेस्ट करून आकडा बरोबर येतो का पाहा. त्यानंतर अमोनिया अर्ध्या पीपीएमखाली येईपर्यंत काहीही टाकायचं नाही. दिवसाआड टेस्ट करायची, एवढंच. पहिल्या आठवड्यात आकडा हलत नाही, त्यानं घाबरू नका.

अमोनिया उतरू लागला की नायट्राइटची टेस्ट सुरू करा. इथे बहुतेकांची चूक होते. अमोनिया शून्य दिसला की आनंदानं रोज पूर्ण डोस टाकला जातो. 1 पीपीएम अमोनियाचं 2.7 पीपीएम नायट्राइट होतं. चार वेळा 2 पीपीएम टाकलंत तर नायट्राइट वीसच्या वर जातं, आणि घरगुती किट 5 च्या पुढे रंगच दाखवत नाही. मग दहा दिवस तोच जांभळा रंग बघत बसावं लागतं. म्हणून नायट्राइट उतरेपर्यंत निम्माच डोस, म्हणजे 7 मिली, आणि तोही तीन दिवसांतून एकदाच. पहिल्या जिवाणूंना जिवंत ठेवायला तेवढं पुरतं.

नायट्राइट एक दिवस अचानक शून्यावर येतं. मग पुन्हा पूर्ण 14 मिली टाका. चोवीस तासांनी अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य आलं, आणि दुसऱ्या दिवशी तसंच पुन्हा आलं, की टँक तयार. विरजणाशिवाय, म्हणजे जुन्या टँकच्या फिल्टरचा स्पंज न घालता, यात चार ते सहा आठवडे जातात. शेवटी हीटर बंद करून वीस मिनिटं थांबा. गरम काच पाण्याबाहेर उघडी पडली तर तडकते. मग ऐंशी ते नव्वद टक्के पाणी बदला, नायट्रेट 20 पीपीएमखाली आणा आणि एक-दोन दिवसांत मासे सोडा. मासे मिळायला उशीर होणार असेल तर दोन-तीन दिवसांनी 7 मिलीचा डोस चालू ठेवा, नाहीतर जिवाणूंची उपासमार होते.

प्रश्न (फुलेवाडी): अमोनियम क्लोराइड म्हणजे कल्हईवाले वापरतात तो नवसागरच ना? तो बाजारात सहज मिळतो. किंवा घरात युरिया आहे, तो चालेल का?

उत्तर: पदार्थ तोच. पण कल्हईचा किंवा डाग देण्याचा नवसागर शुद्धतेसाठी विकला जात नाही. कल्हईवाल्याच्या डब्यातला तर मुळीच नको. त्यात तांब्या-कथलाचा अंश मिसळलेला असू शकतो, आणि तांबं सूक्ष्म प्रमाणातही कोळंबी, गोगलगायी आणि जिवाणू सगळ्यांना मारक आहे. शाळा-कॉलेजला प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानातून सीलबंद बाटली घ्या. शंभर ग्रॅममध्ये असं तीन लिटरहून जास्त द्रावण होईल. वजनाला 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा पुरतो.

युरिया नको. त्याचा अमोनिया व्हायला आधी दुसऱ्या जिवाणूंनी तो फोडावा लागतो. तोपर्यंत तुमची टेस्ट शून्यच दाखवते, तुम्ही आणखी टाकता, आणि एका सकाळी अमोनिया 8 पीपीएमवर गेलेला असतो. 5 च्या वर अमोनिया गेला की हे जिवाणू स्वतःच दबून जातात.

प्रश्न (कसबा बावडा): अडीच फुटी टँक, निव्वळ पाणी 100 लिटर, नळाचं. अमोनियाचे 2 पीपीएमचे सहा डोस दिले. सुरुवात छान झाली, पण गेले नऊ दिवस अमोनिया 1 वर आणि नायट्राइट किटच्या शेवटच्या रंगावर अडकलं आहे. सुरुवातीला केएच 4 होता, पीएच 7.4. आता पीएच 6 दाखवतो. बॅक्टेरियाची बाटली टाकली, फरक नाही.

उत्तर: सुरुवातीचा केएच लिहून ठेवलात, त्यामुळे तुमच्या टँकमध्ये काय झालं ते कागदावर मांडून दाखवता येतं.

केएच म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेटचा साठा. जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि हा साठा ते आम्ल गिळत राहतो. साठा आहे तोवर पीएच जागचा हलत नाही, संपला की एकदम कोसळतो. हिशेब असा: 2 पीपीएम अमोनिया पूर्ण वापरला गेला की केएच सुमारे 0.65 अंशानं उतरतो. तुम्ही एकूण 12 पीपीएम टाकलंत, 1 उरला, म्हणजे 11 पीपीएम जिवाणूंनी खाल्ला. साडेपाच डोसांना 0.65 नं गुणलं तर साडेतीनच्या थोडं वर. तुमच्याकडे होता 4. म्हणजे आज टँकमध्ये केएच अर्धा अंशही नाही. पीएच साडेसहाच्या खाली गेला की हे जिवाणू मंदावतात, सहापाशी जवळपास थांबतात. त्यातच नायट्राइट भरपूर आणि पाणी आम्लधर्मी असलं की नायट्रस आम्ल बनतं, ते दोन्ही प्रकारच्या जिवाणूंना दाबतं. तुमचे जिवाणू मेलेले नाहीत, अडकले आहेत. बाटली टाकून उपयोग झाला नाही तो यामुळे. नवे जिवाणूही त्याच पाण्यात पडले.

उपाय स्वस्त आहे. पन्नास टक्के पाणी बदला. अर्ध्या अंशाच्या पाण्यात 4 चं पाणी मिसळून केएच सव्वादोनच्या आसपास येईल, नायट्राइटही निम्मं होईल. मग खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, वापरा. 100 लिटरला केएच 1 अंशानं वाढवायला 3 ग्रॅम लागतात. तुम्हाला 5 पर्यंत न्यायचा आहे, म्हणून 9 ग्रॅम, साधारण दोन चमचे सपाट. तांब्याभर पाण्यात विरघळवून निम्मं सकाळी आणि निम्मं संध्याकाळी फिल्टरच्या धारेत ओता. सोड्याच्या डब्यावरचं नाव नीट वाचा. बेकिंग पावडरमध्ये स्टार्च आणि आम्ल असतं, इनोत सायट्रिक आम्ल असतं, आणि धुण्याचा सोडा कार्बोनेट आहे, तो पीएच एकदम दहाकडे नेतो. तिन्ही नकोत.

दोन-तीन दिवसांत अमोनिया हलायला लागेल. तोपर्यंत नवा डोस नाही. पुढे दर आठवड्याला केएच मोजा आणि 3 च्या खाली गेला की सोडा द्या. टँकमध्ये मासे असताना मात्र हीच गोष्ट हळूहळू करायची, दिवसाला एका अंशाहून जास्त नाही. कारण आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बिनविषारी अमोनियमच्या रूपात असतो आणि पीएच चढला की त्याचाच विषारी अमोनिया होतो. तुमच्या टँकमध्ये मासा नाही, त्यामुळे ती भीती नाही. मासे न घालता टँक पिकवण्याचा हा मोठा फायदा आहे, चूक झाली तरी जीव जात नाही.

कोल्हापुरात हे इतक्यांच्या बाबतीत का होतं? आपल्या नळाला येणारं पाणी, पंचगंगेचं असो वा काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइननं आलेलं, सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं पाणी आहे. पिण्याला आणि साबणाला उत्तम, पण पूर्वेकडच्या बोअरसारखा क्षारांचा साठा त्यात नसतो. परदेशी माहिती वाचून डोस देणाऱ्यांना हा फरक कळत नाही. ती माहिती बहुधा कठीण पाणी असलेल्या गावची असते.

याच प्रश्नाची दुसरी बाजू आणखी दोन पत्रांत होती. दोघांनीही टँक पूर्ण आरओच्या पाण्यानं भरला आहे, कारण ते शुद्ध असतं. आरओच्या पाण्यात केएच जवळपास शून्य. तिथे पहिल्या-दुसऱ्या डोसलाच पीएच कोसळेल. नळाचं पाणी वापरा. आरओच वापरायचं तर केएच 4 ला येईल इतका सोडा आधीच घाला, म्हणजे 70 लिटरला साधारण साडेआठ ग्रॅम. जिवाणूंना फॉस्फेटही लागतं आणि आरओत तेही नसतं, म्हणून चिमूटभर माशांचं खाणं कुस्करून टाका.

प्रश्न (मंगळवार पेठ): चौथ्या दिवशी पाणी दुधट झालं आहे. सगळं उपसून परत भरू का?

उत्तर: भरू नका. पाण्यात तरंगणाऱ्या दुसऱ्याच जिवाणूंची ती वाढ आहे, ते फिल्टरमध्ये बसणारे नव्हेत. तीन-चार दिवसांत, फार तर आठवड्यात आपोआप निवळतं. पाणी बदललंत की त्यांना नवा खुराक मिळतो आणि दुधटपणा लांबतो. टँकमध्ये माशांचं खाणं किंवा ओलं लाकूड टाकलं असेल तर तेवढं काढा.

प्रश्न (रंकाळा परिसर): लवकर व्हावं म्हणून रंकाळ्याचं बाटलीभर पाणी विरजण म्हणून टाकलं तर? शेतात जीवामृत करतो, तेही आहे.

उत्तर: विरजण ही कल्पना अगदी बरोबर, पण दोन्ही पदार्थ चुकीचे. हे जिवाणू पाण्यात मोकळे फारसे फिरत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. तलावाच्या बाटलीभर पाण्यातून ते नावापुरते येतील. त्यापेक्षा शेवाळ, जळवा, माशांवरचे परजीवी आणि सांडपाण्याबरोबर आलेलं काहीही जास्त येईल. जीवामृतात शेण, गूळ, बेसन असतं. गूळ-बेसनावर दुसरे जिवाणू माजतात, प्राणवायू खाऊन टाकतात आणि टँकला वास मारतो.

खरं विरजण म्हणजे सहा महिने तरी निरोगी चाललेल्या टँकच्या फिल्टरमधला स्पंज. ओळखीच्या माणसाकडून वाटीभर आकाराचा तुकडा कापून घ्या, त्याच टँकच्या पाण्यात बुडवून आणा आणि तासा-दोन तासांत आपल्या फिल्टरमध्ये बसवा. वाटेत वाळू देऊ नका, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. यानं महिन्याचं काम दहा ते पंधरा दिवसांवर येतं. दुकानातल्या टँकचा स्पंज घेताना मात्र विचार करा. तिथे दर आठवड्याला नवे मासे येतात, पांढरे ठिपके नि इतर रोग त्यांच्याबरोबर येतात, आणि औषधंही सतत पडत असतात.

तयार बाटल्यांचं म्हणाल तर काहींमध्ये खरोखर नायट्रिफाय करणारे जिवाणू असतात, काहींमध्ये नुसते गाळ कुजवणारे बॅसिलस. लेबलवर नायट्रोसोमोनास, नायट्रोबॅक्टर किंवा नायट्रोस्पायरा ही नावं शोधा आणि मुदतीची तारीख बघा. दुकानाच्या काचेत उन्हात ठेवलेली बाटली घेऊ नका.

प्रश्न (शाहूपुरी): अपार्टमेंटची टाकी दर महिन्याला ब्लीचिंग पावडरनं धुतात. क्लोरीन गेला की नाही हे कसं ओळखायचं? एकानं हायपो टाकायला सांगितलं.

उत्तर: हायपो या शब्दापाशी आधी थांबा. फोटो धुण्याच्या कामात हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, ते क्लोरीन मारतं. दवाखान्यात आणि साफसफाईच्या दुकानात हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, तो स्वतःच क्लोरीन आहे. दोन्ही एकाच नावानं मागितले जातात आणि परिणाम अगदी उलट. दुकानात पूर्ण नाव सांगूनच घ्या. थायोसल्फेट साखरेच्या खड्यांसारखे पारदर्शक स्फटिक असतात.

10 ग्रॅम स्फटिक विरघळवून 100 मिली द्रावण करा. त्याचा 1 मिली 10 लिटरला टाका, सव्वा पीपीएमपर्यंतचा क्लोरीन सहज जातो. टाकी नुकतीच धुतली असेल तर दुप्पट टाका, थोडं जास्त झालं तरी नुकसान नाही. द्रावण काळ्या किंवा तपकिरी बाटलीत ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी नवं करा.

तपासायला ग्रामपंचायतीत वापरतात तीच ओटी टेस्ट. पाच-सहा थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. ते द्रावण हाताला आणि तोंडाला लागू देऊ नका, तपासलेलं पाणी टँकमध्ये परत ओतू नका. उघड्या बादलीत एअर पंपाचा दगड सोडून चोवीस तास ठेवलं तरी साधा क्लोरीन जातो. धुण्याच्या दिवसानंतर मात्र ओटी केल्याशिवाय पाणी घेऊ नये. फिल्टरचा स्पंज तर कधीच नळाखाली धुवू नका. टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोन-तीनदा पिळा, तपकिरी गाळ थोडा राहिला तरी चालेल.

प्रश्न (जयसिंगपूर): आमच्याकडे बोअरचंच पाणी. केएच 14, पीएच 8.2, टीडीएस 1100. शिवाय टँक सुरू करायच्या आधीच, नुसत्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट 40 दाखवतो. किट खराब आहे का?

उत्तर: किट बहुधा ठीक आहे. शिरोळ तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं खतं आणि भरपूर पाणी दिलं गेलं आहे, ते नायट्रेट जमिनीतून झिरपून बोअरमध्ये उतरतं. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात 45 ची मर्यादा आहे. तुम्ही तिच्या अगदी जवळ आहात. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि त्याचं वरचं दूध याच पाण्यात बनत असेल तर पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. टँकपेक्षा ते आधी करा.

टँकचं म्हणाल तर तुमचा टँक शहरातल्यांपेक्षा सुरळीत पिकेल. केएच 14 संपणार नाही. नायट्रेट वाढलं का हे बघताना 40 वजा करून वाचा. 2 पीपीएम अमोनियाचं पूर्ण रूपांतर झालं की नायट्रेट सुमारे 7 नं वाढतं. एकेका डोसला हा फरक रंगात कळणार नाही, तीन-चार डोसांनंतर कळेल.

जपायचं ते मासे आल्यावर. 25 अंशाला पीएच 7 असताना एकूण अमोनियाच्या अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त भाग विषारी असतो. तुमच्या 8.2 ला तो 8 टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे जवळपास पंधरापट. किटवरचा 0.5 हा आकडा कोल्हापुरात काळजी करण्याजोगा, तुमच्याकडे लगेच पाणी बदलण्याजोगा. मोली, गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल आणि मलावी सिक्लिड या पाण्यात खुश राहतात. निऑन टेट्रा आणि डिस्कस घेऊ नका. नायट्रेट खाली आणायला निम्मं आरओ मिसळा, केएच 7 आणि नायट्रेट विशीवर येईल. मनी प्लांटच्या मुळ्या फिल्टरच्या पाण्यात सोडल्या तरी त्या नायट्रेट ओढतात, पानं मात्र बाहेर ठेवा.

प्रश्न (उचगाव): तुमचा अंक उशिरा वाचला. दीड फुटी टँकमध्ये चार गोल्डफिश सोडून आठ दिवस झाले. एक मेला, बाकीचे पृष्ठभागावर तोंड काढून आहेत. आता काय करू?

उत्तर: आज, आत्ता पन्नास टक्के पाणी बदला. पाणी क्लोरीन काढलेलं आणि टँकइतक्याच तापमानाचं घ्या. एअर पंप जोरात लावा. दोन दिवस खाणं पूर्ण बंद, नंतर दिवसातून एकदा, मिनिटभरात संपेल तेवढंच. 10 लिटरला 1 ग्रॅम खडेमीठ विरघळवून घाला. नायट्राइट रक्तात शिरून रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही, म्हणून मासा भरपूर हवा असूनही वर येऊन धापा टाकतो आणि कल्ले तपकिरी दिसतात. मिठातला क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पाणी बदलताना जेवढं काढलं तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ पुन्हा घाला.

यानंतर रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजा. दोन्हींची बेरीज 0.5 च्या वर गेली की पुन्हा निम्मं पाणी. तीन-चार आठवडे हे करावं लागेल. फिल्टर धुवू नका, औषधं टाकू नका. हा रोग नाही, विषबाधा आहे. मेथिलीन ब्लू किंवा अँटिबायोटिक टाकलंत तर उगवू लागलेले जिवाणूही जातील. दीड फुटी टँक मात्र तीन गोल्डफिशना कायमचा पुरणार नाही. ते वीतभर वाढतात आणि घाणही तशीच करतात. तीन फुटी टँकची तयारी करा, नाहीतर मोठा टँक असलेल्या कुणाला तरी ते द्या.

प्रश्न (ताराबाई पार्क): टेस्टचे आकडे विचित्र येतात. नायट्राइट खूप असताना नायट्रेट 80, आणि नायट्राइट गेल्यावर नायट्रेट एकदम 10.

उत्तर: नायट्रेटची टेस्ट आधी नायट्रेटचं नायट्राइट करते आणि मग रंग देते. त्यामुळे पाण्यात नायट्राइट असेतोवर नायट्रेटचा आकडा फुगलेला येतो, त्याकडे बघूच नका. नंतर 10 येण्याचं कारण बहुधा नायट्रेट किटमधली दुसरी बाटली. तिच्यातली पावडर तळाला बसते. थेंब टाकण्याआधी ती अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते, आणि थेंब टाकल्यावर नळीही मिनिटभर. नायट्राइट किटच्या टोकावर असेल तर 1 मिली टँकचं पाणी आणि 4 मिली डिस्टिल्ड वॉटर मिसळून टेस्ट करा आणि आकड्याला पाचनं गुणा.

प्रश्न (कळंबा): टँक व्यवस्थित पिकला, मासेही आहेत. पण जूनपासून नळाला गढूळ पाणी येतं. दर आठवड्याला पंचवीस टक्के पाणी बदलतो, ते पावसाळ्यात चालू ठेवायचं का? आणि पुराच्या वेळी वीज गेली तर?

उत्तर: पावसाळ्यात दोन गोष्टी एकाच वेळी होतात. नदीचं पाणी पावसानं पातळ होऊन केएच उतरतो, आणि गाळ बसवायला शुद्धीकरण केंद्रात तुरटी वाढवावी लागते. तुरटीही केएच खाते. लिटरला 40 मिलिग्रॅम तुरटी पडली तर केएच एक अंशाहून थोडा जास्त जातो. क्लोरीनही वाढवलेला असतो. म्हणून जून ते सप्टेंबर नळाच्या पाण्याचा केएच दर पंधरा दिवसांनी मोजा आणि थायोसल्फेट दुप्पट टाका. केएच 3 खाली असेल तर बदलीच्या पाण्यात आधीच सोडा घालून ते टँकच्या केएचला आणा. 20 लिटरच्या बादलीला 1 अंशासाठी 0.6 ग्रॅम पुरतो.

गढूळ पाणी थेट टँकमध्ये घेऊ नका. पिंपात दोन दिवस बसू द्या आणि वरचं पाणी नळीनं काढा. मातीचे कण फडक्यातून गाळले जात नाहीत. घरी तुरटी फिरवू नका, मऊ पाण्यात तिचा डोस चुकला की पीएच पडतो आणि ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांवर बसतं. पाणी फारच वाईट असेल त्या आठवड्यात दहा टक्केच बदला आणि खाणं निम्म्यावर आणा. 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी उपसा केंद्रं बुडाली आणि शहराला दिवसेंदिवस नळाचं पाणी नव्हतं. जुलैच्या सुरुवातीलाच झाकणाचं 100 लिटरचं पिंप भरून ठेवलेलं बरं. टँकरचं पाणी आलंच तर ओटी आणि केएच पाहूनच वापरा.

विजेसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि साधा स्पंज फिल्टर जोडून ठेवा. स्पंज टँकच्या पाण्यातच असतो, त्यामुळे हवा चालू असली की त्यातले जिवाणू तगतात. टँकबाहेर ठेवलेल्या बंद डब्याच्या, म्हणजे कॅनिस्टर फिल्टरचं तसं नाही. पाणी थांबलं की आतला प्राणवायू काही तासांत संपतो, जिवाणू मरतात आणि आत कुजतं. वीज गेल्यावर तासाभरात झाकण उघडा आणि मीडिया, म्हणजे आतले स्पंज आणि रिंगा, काढून टँकच्या पाण्यात टाका. ते जमलं नाही आणि वीज पाच-सहा तासांनी आली, तर कॅनिस्टर तसाच सुरू करू नका. आतलं पाणी मोरीत ओता, मीडिया टँकच्या पाण्यात खळबळा, मग जोडा. पुढचे चार दिवस अमोनिया रोज मोजा.